सात नंबरच्या चड्डीवरचे पंजे

सोमवार, ३ तारीख

चि. मुंगूस हिस,
अनेक आशीर्वाद.

शिबिरवाल्यांनी तुझा फोन महिनाभर काढून घेतला, हे तुझ्या आईने मला अशा आवाजात सांगितलं, जणू तुझी किडनीच काढून घेतली. म्हणून पेन शोधलं. दोन सुकलेली निघाली, तिसरं चाललं. तेव्हा अक्षराला हसू नकोस.

तुला एक गंमत सांगायची आहे. तुम्ही ज्यांच्याशी रग्बी खेळणार, त्या परदेशी बायका आमच्याच हॉटेलात उतरल्या आहेत. सरावाचे त्यांचे कपडे रोज दुपारी माझ्या तळघरात येतात. प्रत्येकीची जाळीची पिशवी वेगळी, पिशवीवर नंबर. एकवीस वर्षं या लाँड्रीत काढली, लग्नाच्या वऱ्हाडाच्या चादरी धुतल्या, पण असा चिखल पाहिला नाही. चिखलाचं काही नाही गं, चिखल सरळ असतो. वाळू द्यावा, झटकावा, धुवावा. गवताचा हिरवा डाग जरा हट्टी. पण यांच्या चड्ड्यांवर एक भलतंच निघालं. तपकिरी, चिकट, आणि चक्क हाताच्या पंजाच्या आकाराचं! मांडीच्या मागच्या बाजूला, एक डावा पंजा, एक उजवा. चार नंबर आणि पाच नंबर, दोघींच्याच चड्ड्यांवर, रोज.

माझ्या हाताखालच्या दोघी तोंडाला पदर लावून हसत बसल्या. मी म्हटलं, हसू नका, हा खेळाचाच काही प्रकार असणार, माझ्या भाचीला विचारते. तर विचारते आहे. हे काय असतं? गरम पाण्यात टाकलं तर आणखी घट्ट बसतं. शेवटी गोडं तेल चोळून काढलं.

आणि तू यंदा तरी खेळणार आहेस, की पुन्हा बाकावरच बसून पाण्याच्या बाटल्या मोजणार?

तुझी मावशी

*

गुरुवार, ६ तारीख

प्रिय मावशे,

तुझं पत्र जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर मिळालं. चड्डीवरचे पंजे वाचून मला इतका जोरात ठसका लागला, की आमच्या बाईंनी पाठीत धपाटा घातला. बाई म्हणजे आमच्या फॉरवर्डच्या प्रशिक्षक. पुढच्या फळीतल्या आम्ही आठ जणी त्यांच्या ताब्यात. जागा मिळेल तिथे खडूने मैदान काढतात, म्हणून आम्ही त्यांना खडूबाई म्हणतो. काल त्यांनी जेवणाच्या टेबलावर मैदान काढलं आणि मीठदाणीला टॅकल केलं.

तुझे पंजे म्हणजे असं. चेंडू रेषेबाहेर गेला की दोन्ही संघ समोरासमोर रांगा लावतात आणि मधून चेंडू उंच फेकतात. त्याला लाइनआउट म्हणतात. चेंडू पकडायला दोघी जणी मिळून तिसरीला मांड्यांना धरून वर उचलतात. हात निसटू नयेत म्हणून तळव्यांना चिकट राळ लावतात. तेव्हा जिच्या चड्डीवर पंजे, ती वर जाणारी. चार आणि पाच नंबरवाल्या उंच असतात, त्याच जातात. यात नवल काही नाही. नवल तेव्हा, जेव्हा आणखी कुणाच्या चड्डीवर...

जाऊ दे. काही नाही. तू तेल चोळ.

माझं विचारशील तर बाकावरच आहे. मी सात नंबरची. माझं काम सांगते. विरोधी बाई चेंडू घेऊन पडली, की तिला चेंडू सोडावाच लागतो. ती सोडायच्या आत तिच्यावर वाकून तो ओढून काढायचा, तिच्या मैत्रिणी येऊन मला उडवून देण्याआधी. दीड-दोन सेकंदांचा खेळ. मी पोचते वेळेवर, पण रेफरी दर वेळी माझ्याच विरुद्ध शिट्टी मारते. दोन वर्षं हेच. बाई म्हणतात, "तुझे हात चोराचे आहेत, पण पाय कारकुनाचे."

यंदा एकोणतीस पूर्ण होतील. पुढच्या वर्षी मला शिबिराला तरी कोण बोलावेल?

तुझी,
मुंगूस

*

शनिवार, ८ तारीख

चि. मुंगूस,

"जाऊ दे, काही नाही" असं तू लिहिलंस ना, तेव्हाच मला कळलं की काहीतरी आहे. तू चार वर्षांची असताना साखरेचा डबा पाडून हेच म्हणाली होतीस.

तर ऐक. काल सात नंबरच्या चड्डीवर पंजे होते. आजही. सात नंबर, म्हणजे तुझ्यासारखीच बुटकी असणार ना ती? मग तिला कशाला उचलतात? मी काही बोलले नाही हं. फक्त कपड्यांविषयी लिहिते आहे, आणि कपड्यांविषयी लिहायला मला कुणाची बंदी नाही.

दुसरं. त्यांच्याबरोबर कपडे सांभाळणारे एक गृहस्थ आहेत. साठी उलटलेली, दारात मावत नाहीत, पण आवाज मऊ. तरुणपणी स्वतः खेळायचे. उजव्या हाताची अंगठीच्या बोटाची दोन पेरं नाहीत. कुणीतरी बुटासकट पाय दिला म्हणे. गुरुवारी पिशव्या द्यायला आले आणि माझी डाग काढायची पद्धत बघत अर्धा तास उभेच राहिले. मीही मग दाखवलं. म्हटलं, "तुमची तीन नंबरवाली डाव्या खांद्यानेच भिडते, आठ नंबरवाली पडली की पोटावर पडते, आणि दोन नंबरवाली गवताला शिवतच नाही, कामचुकार आहे." ते बघतच राहिले. म्हणाले, "बाई, तुम्हाला हे सगळं कपड्यांवरून कळतं?" म्हटलं, "कपडे खोटं बोलत नाहीत." त्यांनी वाकून नमस्कार केला. छान माणूस.

आता तुझं. दहा वर्षं तुझे कपडे मी धुतले. तुझ्या आईला हिरवे डाग बघवत नाहीत म्हणून तू ते माझ्याकडे आणून टाकायचीस. तुझ्या मोज्यांवर आणि चड्डीच्या काठावर हिरवं कायम डाव्याच गुडघ्याशी असतं. उजवं स्वच्छ. म्हणजे तू वाकलीस की डावा गुडघा टेकतेस. नियमात हे चालतं का? मला काय कळतंय? पण दहा वर्षं एकच गुडघा धुते आहे, म्हणून विचारलं.

मावशी

*

मंगळवार, ११ तारीख

मावशे, मावशे, मावशे,

नाही चालत! पायांवर उभं राहूनच चेंडू धरावा लागतो. गुडघा टेकला की शिट्टी. दोन वर्षं बाई माझ्या पायांना शिव्या देताहेत, पण नेमकं काय चुकतंय ते धुळीत आणि गर्दीत कुणालाच दिसलं नव्हतं. मलासुद्धा नाही. सोमवारी सरावात मी डावा पाय अर्धी वीत मागे ठेवला आणि आमच्या कर्णधाराच्या हातातून तीनदा चेंडू काढला. चौथ्यांदा तिने मला कोपर मारलं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू.

आणि आता जे केलं ते सांगते. ओरडू नकोस.

मी बाईंकडे गेले आणि म्हटलं, "त्यांची जुनी रेकॉर्डिंग बघत होते. मला वाटतं, लाइनआउटला त्या सात नंबरला वर उचलणार आहेत." बाईंनी खडू खाली ठेवला. बाई खडू कधीच खाली ठेवत नाहीत. "कशावरून?" म्हणाल्या. मी काहीतरी ठोकून दिलं. पायांची ठेवण, उभं राहायची जागा, वगैरे वगैरे. बाई मला घेऊन तासभर बसल्या. सात नंबरसमोर आमची एक उंच बाई उभी करायची, त्या उचलतील त्याच क्षणी आपणही उचलायचं आणि चेंडू वरच्या वर घ्यायचा, असं ठरलं. आज फळ्यावर पहिल्या पंधरा जणींची नावं लागली. सातच्या पुढे मी आहे.

सगळ्या जणी टाळ्या वाजवत होत्या. बाई म्हणाल्या, "बघा, ही मुलगी अभ्यास करते." मावशे, मी जमिनीत गेले. पण नाव काही मी पुसलं नाही.

हे पत्र फाडून टाक.

मुंगूस

*

बुधवार, १२ तारीख

चि. मुंगूस,

पत्र फाडलं नाही. देवघरातल्या फोटोमागे ठेवलं आहे. अशी पत्रं रोज रोज येत नाहीत.

पहिल्या पंधरांत! मी इथे सर्वांना सांगितलं. कसं ते नाही सांगितलं. तू लाजू नकोस. आपण काय त्यांच्या खोलीत शिरलो? त्यांनीच आपल्या हाताने कपडे आणून दिले. डोळे झाकून कपडे धुवायचे की काय मी?

रोज पंजे येताहेत, सात नंबरवर, अगदी ठसठशीत. आणि ऐक, माझ्या डोक्यात एक कल्पना आली आहे. सामन्याचे कपडे शुक्रवारी शेवटचे धुवायला येणार. कापड मऊ करायचं जे औषध असतं ना, ते मी टॉवेलांना एक टोपण घालते. चड्ड्यांना चार टोपणं घातली तर कापड असं गुळगुळीत होईल, की राळ लावा नाहीतर डिंक लावा, हात सटकलाच पाहिजे. सात नंबर वर जाईल आणि तिथूनच खाली येईल.

हो म्हण फक्त. की न विचारताच करू?

मावशी

*

गुरुवार, १३ तारीख, सकाळ (ब्रेडच्या गाडीवाल्याबरोबर)

मावशी,

नाही. नाही. नाही. ती दहा फुटांवरून डोक्यावर पडेल. मान मोडते अशाने. डाग बघणं वेगळं आणि हे वेगळं. मला माहीत आहे, तू गमतीत लिहिलंस. गमतीतच लिहिलंस ना?

तुमच्या हॉटेलात ब्रेड देणारी गाडी आमच्याकडेही येते, म्हणून पोस्टाची वाट न बघता याच्या हातात देते आहे. उलट टपाली लिही की औषध कपाटात आहे आणि कपाटाला कुलूप आहे.

मुंगूस

*

शुक्रवार, १४ तारीख, सकाळ (त्याच गाडीवाल्याबरोबर. तुमच्या ऑफिसात फोन केला होता, तिथला माणूस "निरोप लिहून ठेवतो" म्हणाला आणि मला त्याचा भरवसा वाटला नाही.)

चि. मुंगूस,

औषध कपाटात आहे. ते सोड. मी मोठी घोडचूक केली आहे.

काल तुझं पत्र वाचून जरा वरमले होते. सात नंबरची चड्डी टेबलावर पसरली, वरचा दिवा लावला आणि तेल चोळण्याआधी सहज आपला हात त्या पंजावर ठेवून पाहिला. अंगठा एका बाजूला. दुसऱ्या पंजावर ठेवला, तर अंगठा त्याच बाजूला! दोन्ही उजवे हात. दोघी बाया दोन बाजूंनी उचलतात, तर एक डावा, एक उजवा पाहिजे. चार आणि पाच नंबरवर तसेच आहेत. मग नीट बघितलं. मधल्या बोटाशेजारचं बोट अर्धंच उमटलेलं. दोन्ही पंजांत.

कळलं ना कुणाचा हात ते?

"कपडे खोटं बोलत नाहीत" असं मीच त्यांना तोंडाने सांगितलं, आणि त्या माणसाने दुसऱ्याच दिवसापासून कपड्यांना खोटं बोलायला शिकवलं. शिवाय नमस्कार केला! आठ दिवस मी त्यांच्या हाताला तेल चोळते आहे.

सात नंबरचं सगळं बनावट. तुमच्या बाईंना सांग. कसं सांगायचं ते तू बघ, पण आजच सांग. माझं नाव घ्यावं लागलं तर घे. नोकरी गेली तर जाईल.

मावशी

*

रविवार, १६ तारीख (ब्रेडच्या गाडीवाल्याबरोबर)

प्रिय मावशी,

कालचा सामना टीव्हीवर पाहिलाच असशील. जे टीव्हीवर नव्हतं ते लिहिते.

शुक्रवारी तुझं पत्र मिळालं तेव्हा बाई सामानाच्या खोलीत चेंडूंत हवा भरत होत्या. मी दारात उभी राहून म्हटलं, "बाई, ते सात नंबरचं मी रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं बघितलं."

"मग कुठे बघितलंस?"

"चड्डीवर."

पंप थांबला. मग मी सगळं सांगितलं. तू, राळ, पंजे, अर्धं बोट. बाई चेंडूवर बसून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे डाग खोटे निघाले, म्हणून आलीस. खरे निघाले असते, तर आली असतीस का?"

माझ्या तोंडून "नसते आले" असं निघालं. का ते माहीत नाही. "आले असते" म्हणणं जास्त सोपं होतं.

"जा," म्हणाल्या. संध्याकाळी फळ्यावरचं माझं नाव पुसलेलं होतं. मी पुन्हा बाकावर. आणि लाइनआउटचं पुन्हा पहिल्यासारखं: चार आणि पाचवर लक्ष ठेवा, सातला विसरा.

बावन्नाव्या मिनिटाला आमच्या सातच्या पोटरीत गोळा आला, तेव्हा बाईंनी माझ्याकडे न बघताच बोट दाखवलं. पहिल्याच टक्करीत त्यांची आठ नंबरवाली पडली. पोटावर पडली, तू म्हणालीस तशी! मी वाकले, डावा पाय मागे, गुडघा वर. पाठीवर तिघी आदळल्या. मी मोडले असं वाटलं, पण हात सोडले नाहीत. शिट्टी वाजली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर रेफरीचा हात आमच्या बाजूला! दहा मिनिटांनी दुसऱ्यांदा चेंडू सरळ काढूनच घेतला. आम्ही सहा गुणांनी पुढे.

मग चौऱ्याहत्तरावं मिनिट. आमच्या गोलरेषेपासून पाच मीटरवर त्यांचा लाइनआउट. आमच्या सगळ्या चार आणि पाचवर डोळे लावून. चेंडू फेकला आणि मावशे, त्यांनी सात नंबरला उचललं. एकटीला, निवांत, फळ काढायला चढल्यासारखी. तिने चेंडू घेतला, खाली उतरली, मागे सातही जणींनी ढकललं आणि आम्ही सगळ्या गाठोड्यासारख्या गोलरेषेपलीकडे जाऊन पडलो. त्याचे त्यांना पाच गुण, आणि त्यावरची किकही बसली, तिचे आणखी दोन. त्या एका गुणाने पुढे.

शेवटच्या मिनिटाला मी आणखी एकदा शिट्टी मिळवली. त्यावरची आमची किक आत गेली असती तर जिंकलो असतो, पण ती खांबावर आपटली. टण्ण. तो आवाज अजून कानात आहे.

बसमध्ये बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "तुझं खोटं चालू दिलं असतं, तर आपण जिंकलो असतो." मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी खरं जरा लवकर बोल. मला विचार करायला दोन दिवस लागतात." आणि माझ्या गुडघ्यावरच्या खरचटलेल्या जागेकडे बघून उठून गेल्या.

आज सकाळी दुसऱ्या सामन्याची यादी लागली. सातच्या पुढे मी आहे. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण कर्णधाराने मला तिची उशी दिली.

आता दोन गोष्टी खऱ्या सांग. एक, ते डाग खोटे होते, तर त्यांनी सातला उचललं कसं? दोन, साठाव्या मिनिटाला त्यांची चार नंबरवाली हातांतून सटकून धपकन खाली आली. देवाशप्पथ सांग, औषध कपाटातच होतं ना?

तुझी,
मुंगूस

*

सोमवार, १७ तारीख

चि. मुंगूस,

दुसऱ्या प्रश्नाचा मला राग आला आहे. शुक्रवारी त्यांचे सामन्याचे कपडे मी स्वतः धुतले, कुणाला हात लावू दिला नाही. मला फसवणाऱ्या माणसाच्या संघाचे कपडे होते, म्हणून उलट जास्तच मन लावून धुतले. त्यांनी ते घातले तेव्हा टीव्हीवरसुद्धा झळकत होते. तुमचे पिवळट दिसत होते, तुमच्या लाँड्रीवाल्याला सांग. चार नंबरवाली सटकली, कारण उचलणारी दमली होती. मी सोफ्यावरून बघून सांगितलं असतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर काल सकाळी स्वतः चालत आलं. गृहस्थ कपडे न्यायला आले. मी त्यांचा उजवा हात धरला आणि टेबलावर पालथा ठेवला. त्यांना कळलं. कानापर्यंत लाल झाले.

मी म्हटलं, "आधी मला वाटलं, तुम्ही बनवलंत. मग टीव्ही बघताना वाटलं, बनवल्याचं सोंग केलंत. नक्की काय ते सांगा. तोवर पिशव्या मिळणार नाहीत."

ते स्टुलावर बसले. स्टूल कण्हलं. म्हणाले, "बाई, तीस वर्षं मी या संघाचे कपडे सांभाळतो. डावपेच मला कोण सांगतं? मला सांगतात, बाटल्या भरा. तुम्ही कपडे वाचता असं कळलं, तेव्हा म्हटलं, जरा गंमत करू. पिशव्यांत सगळ्यात वर सात नंबरची होती. तिच्यावर हात उमटवले."

"आणि त्या खरंच सातला उचलणार होत्या?"

"ते मला शनिवारी मैदानावर कळलं. माझ्या हातातून अख्खा बाटल्यांचा खोका पडला."

मग आम्ही दोघं जे हसायला लागलो, ते सुकवायच्या यंत्राची घंटा वाजली तरी थांबेना. माझ्या हाताखालच्या दोघी येऊन बघून गेल्या. मग त्या गृहस्थांना मी राळ काढायची पद्धत शिकवली. माणूस लबाड आहे, पण तेल चोळताना हात हलका आहे.

आज त्या सगळ्या दुसऱ्या सामन्याच्या गावी गेल्या. जाताना गृहस्थांनी माझा पत्ता मागितला. डागांविषयी लिहीन म्हणाले. मी दिला. तुझ्या आईला हे इतक्यात कळवू नकोस, ती लगेच पत्रिका काढील.

आता हा माणूस खरं लिहील की बनवून लिहील, हे मला सांगता येत नाही. त्याला तरी कुठे सांगता येतं? पण पत्रं येणार एवढं नक्की. तेव्हा तू असं कर. हे वाचून झालं की उठ, आणि या पत्रांचं तुझ्या बाईंना आत्ताच सांगून ये. दोन दिवस लागतात ना त्यांना.

तुझी मावशी